उदाहरणासह स्पष्ट करा

केप कोस्टच्या शाळेतलं सभागृह.
आम्ही चाळीस जण, चाळीस लाल पेनं,
पंख्याखाली दगडांनी दाबलेले गठ्ठे.
'प्रामाणिकपणा वाया जात नाही.'
उदाहरणासह स्पष्ट करा. गुण पन्नास.

सकाळपासून मला एकोणीस पाकिटं सापडलीत.
ट्रोट्रोच्या मागच्या सीटवर, मासळीबाजारात,
एक तर थेट चर्चच्या दानपेटीशेजारी.
प्रत्येक पाकिटाचा मालक रडवेला
आणि प्रत्येक मालक निघतो नेमका बँकेचा मॅनेजर,
पोराला जागच्या जागी नोकरी देणारा.
एवढे मॅनेजर असते, शेजारचा फीफी म्हणतो,
तर माझ्या कर्जासाठी मी इतके खेटे घातले नसते.

सगळे हसतात. मी पेनाचं टोपण शोधते.
विनेबात माझ्या शिकवणीला बावीस मुलं येतात
आणि ही विद्या मीच शिकवते.
थाप मारायची तर नीट मारा.
पाचशे सेडी म्हणू नका, चारशे सत्तर म्हणा.
गोल आकडा दिसला की परीक्षकाला झोप येते.
माणसाला नाव द्या, नावाला एखादी खोड:
लंगडू दे डाव्या पायाने, किंवा बोलता बोलता
त्याला आपल्या मेलेल्या बोकडाची आठवण येऊ दे.
आजोबांना मारू नका, ते फार वेळा मेलेत.
आणि कुठेतरी एक वस्तू मोडकी ठेवा.
मोडक्या वस्तूवर कुणी संशय घेत नाही.

"हे खोटं नाही का, मॅडम?"
पहिल्या बाकावरून आराबाने विचारलं होतं.
थोडं पदरचं घालायचं, मी म्हटलं. मिठासारखं.
तिने वहीत लिहून घेतलं: मिठासारखं.

दुपारी केंके आणि तळलेल्या मासळीनंतर वीज गेली.
दारापाशी खुर्ची ओढून, उजेडात, पुढची पत्रिका.

'आमच्या बाईंच्या छत्रीची एक काडी मोडकी आहे.
एकदा लाकडाच्या वखारीचे मिस्टर आम्पा
मुलाच्या निकालासाठी लिफाफा घेऊन आले.
आत चारशे सत्तर सेडी.
बाईंनी तो उघडलासुद्धा नाही.
म्हणाल्या, आधी मुलाला वाचू दे, मला ऐकायचंय.
मुलगा सहाव्या ओळीला अडखळला.
बाईंनी ती एक ओळ त्याला तीन दिवस शिकवली.'

आपल्या गावचा गठ्ठा आपल्याकडे येत नाही, असा नियम आहे.
नावाच्या जागी फक्त नंबर.
छत्री माझ्या खुर्चीला टेकलेली.

वखार खरी. आम्पा नाव बदललेलं.
लिफाफा खरा, आकडा खोटा:
सहाशे होते. चांगले गोल.
उघडून मी दोनदा मोजले,
त्यातून स्वयंपाकघरावर चार नवे पत्रे पडले.
मुलाला मी वाचायला बसवलंच नाही,
तेव्हा सहावी ओळ कुठून येणार?

कोण होतं तेव्हा खिडकीबाहेर?
की कुणीच नव्हतं,
आणि या नंबरने मनानेच रचलं सगळं,
मीच दिलेल्या अवजारांनी, मोडक्या काडीसकट?
की बाई अशाच असतील, असं कुणाला
खरोखरच वाटत होतं?
यातलं काय जास्त झोंबतं, ते मला ठरवता येईना.

"बरी आहे?" फीफी विचारतो.
बरी आहे.
"खरी वाटते?"
तक्त्यात बघते. आशय, मांडणी, भाषा, शुद्धलेखन.
तसा रकाना नाही.

चाळीस लिहिले.
मग खोडून एक्केचाळीस केले.
सही करताना वीज आली, पंखा फिरला,
बाजूचा दगड नसलेला गठ्ठा सभागृहभर उडाला
आणि सगळे पाकिटांच्या मागे धावले.

मी तेवढ्यात समासात बारीक अक्षरात लिहिलं,
जे कुणीही वाचणार नाही:
सहावी ओळ कोणती होती, ते सांगायला हवं होतं.